चारी बत्त्या

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी ओळख करून देताना निवेदिकेनं ‘कवी’ म्हटलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. बी. ए. झाल्यावर माझ्या आयुष्याची बरीच वर्षं सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. काउंटरच्या अलीकडं फ्लॅशर, बल्ब, होल्डर, फ्यूज. पलीकडं काळ्या हातांचे मिस्त्री. माझ्या पहिल्या संग्रहातल्या निम्म्या कविता बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या आहेत. मालकांनी ते कधी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आज मी कवितेवर बोलणार नाही. एका जुन्या गाडीच्या इंडिकेटरवर बोलणार आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. सोलापूरकरांना या गाडीबद्दल थोडा अभिमान असायला हरकत नाही. ती जिथं तयार व्हायची त्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. १८८२ साली त्यांचा जन्म इथला. १९४४ मध्ये त्यांनी ही मोटार कंपनी काढली. फियाट ११०० हे इटलीचं मॉडेल पुढं कुर्ल्यात तयार होऊ लागलं आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं. पण लोक अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हणाले. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. आमच्याकडं ती पांढरी होती आणि तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर अशी फिरायची.

चालवायचे माझे थोरले बंधू. आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. १९९१ मध्ये त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. आई भवानीचे भक्त असोत, स्वामी समर्थांचे असोत, आठवड्याच्या आठवड्याला ठरलेली गिऱ्हाईकं होती. भाईजानना चारी गावच्या आरत्यांच्या वेळा तोंडपाठ. कोणी विचारलं, “तुम्ही मुसलमान, तुम्हाला कसं माहीत?” तर म्हणायचे, “पार्किंग मिळायला वेळ माहीत पाहिजे ना.”

आता मूळ मुद्द्याकडं येतो.

आमच्या गाडीला इंडिकेटर होते, पण चारी दिवे एकदम उघडझाप करणारं बटण, ज्याला आपण हॅजर्ड म्हणतो, ते नव्हतं. १९९६ मध्ये मी भाईजानना म्हटलं, मी बसवून देतो. दुकानात उभं राहून मिस्त्र्यांचं ऐकलेलं होतं. ऐकून येणारी विद्या आणि हातानं येणारी विद्या यात काय फरक असतो, हे कळायला माणसाला एक तरी चूक करावी लागते. एका रविवारी मी स्टिअरिंगखाली उताणा पडून ते बटण बसवलं. संध्याकाळी चारी बत्त्या लागल्या. लागल्या त्या अंमळ घाईनं, टिकटिकटिकटिक अशा. मला वाटलं, छान, जोरात चालतंय.

जानेवारी १९९८. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा चालू होती. भाईजान तुळजापूरहून एक कुटुंब घेऊन परत येत होते. तामलवाडी मागं टाकली आणि गाडी बंद पडली. रात्रीचे साडेदहा-अकरा. रस्ता तेव्हा आत्तासारखा रुंद नव्हता. भाईजाननी पॅसेंजरना खाली उतरवून बाजूच्या शेतात उभं केलं, मागं रस्त्यावर दगड लावले, झाडाची फांदी टाकली आणि टॉर्च घेऊन स्वतः गाडीमागं उभे राहिले. एक टेम्पो आला. त्यानं दगड चुकवले, गाडीचा उजवा मागचा कोपरा उडवला आणि भाईजानचा उजवा पाय गेला. शेतातल्या पाचही माणसांना ओरखडासुद्धा नाही.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. मला बघून एवढंच म्हणाले, “बत्त्या नव्हत्या रे.”

श्रोतेहो, आमचं घरातलं बोलणं दख्खनीत. इथं मराठीत सांगतो आहे. पण ते वाक्य मराठीत आणलं तरी हलकं होत नाही. मी ते असं ऐकलं की, तू लावलेल्या बत्त्या लागल्या नाहीत. पुढची अठरा वर्षं, २०१६ मध्ये ते गेले तोपर्यंत, आम्ही दोघं त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. त्यांनी टोमणा मारला नाही. मी विचारलं नाही. गाडीचा मागचा कोपरा ठोकून, रंगवून घेतला, ती अंगणात लिंबाखाली ताडपत्री घालून उभी केली. भंगारवाले यायचे, त्यांना भाईजान हाकलून द्यायचे.

आता गेल्या वर्षी माझा पुतण्या, भाईजानचा मुलगा, पुण्याहून आला आणि म्हणाला, “चाचा, अब्बांची गाडी चालू करायची.” तो कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. त्याला वाटत होतं, गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. मी त्याला सांगितलं, २०२१ च्या नियमांप्रमाणं व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. आपली १९८६ ची. ती म्हातारी आहे, पण अजून मान मिळण्याइतकी म्हातारी नाही. तेव्हा साध्या रस्त्यानंच जायचं. आरटीओत दाखवायची, आणि दाखवायची तर आधी ब्रेक आणि दिवे.

इंजिनाचं काम एका जुन्या मिस्त्रींनी केलं. दिवे आम्ही दोघांनी घेतले.

पहिल्या रविवारी पुतण्यानं नवा डिजिटल मीटर आणला. उजवा मागचा इंडिकेटर लागत नव्हता. त्यानं होल्डरच्या टोकाला मीटर लावला आणि म्हणाला, “चाचा, बारा व्होल्ट येतायत. बल्ब खराब आहे.” बल्ब बदलला. लागला नाही. पुन्हा मीटर, पुन्हा बारा. दुसरा बल्ब. तरी नाही. पोरगं चक्रावलं.

ही गोष्ट सोलापूरकराला समजावायला फार कष्ट पडू नयेत. आपल्याकडं नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं. कधी तोटी उघडली की फुर्र आवाज येतो, करंगळीएवढी धार पडते, आणि हंडा काही भरत नाही. पाणी आलंय का? आलंय. भरतंय का? नाही. मीटर फक्त दाब बघतो; त्याला प्यायला थेंबभर करंट पुरतो. आतून तुटून एकच तार शिल्लक राहिलेली वायर किंवा गंजलेलं टोकसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवतं. बल्बला मात्र हंडा भरून लागतो. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे बारा व्होल्टवर जवळजवळ पावणेदोन अँपिअर. म्हणून जुने मिस्त्री मीटर ठेवत नाहीत, टेस्ट लॅम्प ठेवतात: एक होल्डर, त्यात २१ चाच बल्ब, दोन लांब वायरी, टोकाला चिमटे. तो लागला तर वायर धडधाकट. मंद लागला तर मधे कुठं तरी पाणी मुरतंय.

आमचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडून होल्डरच्या टोकाला लावला. झगझगीत लागला. म्हणजे येणारी वायर चांगली. मग दोष कुठं? जाण्याच्या वाटेत. गाडीत दिव्याकडं येणारी वायर एकच असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्याला अर्थ म्हणतात. इंग्रजीतला अर्थ. पण मराठी लिहिणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकून हसू येतंच. कवितेत अर्थ नसला तरी चालतो असं म्हणणारे मित्र मला आहेत. दिव्याचं तसं नाही.

परतीची वाट बंद झाली की करंट मुकाट बसत नाही, शेजारच्याच्या घरातून वाट काढतो. जुन्या गाड्यांचे जे चमत्कार लोक सांगतात ना, डावा इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकते, ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो, त्यातल्या बहुतेक चमत्कारांमागं एकच गंजलेला स्क्रू असतो. एकाच दिव्याच्या घरात इंडिकेटर, ब्रेक आणि टेललाइट. तिघांचा अर्थ सामाईक. तो तुटला की इंडिकेटरचा करंट टेललाइटच्या तारेतून उलटा शिरून दुसरीकडून जमिनीला लागतो. लोक तेव्हा बटण बदलतात, फ्लॅशर बदलतात, कोणी अख्खी वायरिंग बदलून देतो आणि बिल करतो. दुकानात बसून असे किती फ्लॅशर मी विकले असतील! आज थोडी लाज वाटते. आधी एक वायर घ्यावी, एक टोक दिव्याच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा सुधारला तर फ्लॅशरचे पैसे वाचले.

आमच्या गाडीत तेच निघालं. अपघातानंतर मागचा कोपरा ठोकताना पुट्टी भरली होती, वर रंग. दिवा त्या रंगावर स्क्रूनं घट्ट बसवलेला. घट्ट इतका की हलणार नाही, पण रंग आणि पुट्टीतून करंट जात नाही. कानशीनं रुपयाएवढा पत्रा उघडा केला, चकचकीत होईपर्यंत. दिवा लागला. पुतण्यानं टाळी वाजवली. मी मात्र त्या उघड्या पत्र्याकडं बघत बसलो. हा कोपरा तोच.

दुसऱ्या रविवारी पुढचे दिवे. तिथं फ्यूजनी वेळ घेतला. या गाडीचे फ्यूज चिनीमातीचे, बाहेरून पत्र्याची पट्टी असलेले. वितळलेले नसतात, पण दोन्ही टोकांना हिरवट पूट चढतं. काढून, घासून, चिमटे जरा आवळून परत घातले की पुष्कळ मेलेले दिवे जिवंत होतात. हे काम करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून ठेवा, एवढं सांगून ठेवतो. अंगठी घातलेल्या हातानं हे काम करू नका. का ते मिस्त्रींची बोटं बघा.

मग फ्लॅशर. जुन्या फ्लॅशरच्या डबीत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. करंट गेला की पट्टी तापते. एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, पट्टी वाकते आणि जोड सुटतो. दिवा विझतो. पट्टी निवते, सरळ होते, जोड लागतो, दिवा पेटतो. मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा. तो टिकटिक आवाज म्हणजे त्या पट्टीचं वाकणं. हिला नेमक्या दोन बल्बांचा करंट लागतो, साडेतीन अँपिअर. एक बल्ब गेला की ती पुरेशी तापत नाही. उरलेला दिवा नुसताच जळत राहतो, नाही तर रेंगाळत लुकलुकतो. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटं करतात, एक बल्ब गेला की मुद्दाम घाई करतात, ड्रायव्हरला कळावं म्हणून. आणि हौसेनं एलईडी बल्ब घातले तर जुनी पट्टी थंडच बसते, कारण एलईडीला करंट फार थोडा. पोरं म्हणतात एलईडी खराब निघाला. फ्लॅशर खराब की वायरिंग, हे बघायचं तर डबी काढून तिच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांना वायरीच्या तुकड्यानं जोडावं आणि दांडी एका बाजूला करावी. दिवे न लुकलुकता जळत राहिले तर वायरिंग निर्दोष, डबी दोषी.

हे मी पुतण्याला सांगत होतो, आणि सांगता सांगता थांबलो. दोन बल्ब, साडेतीन अँपिअर. चार बल्ब म्हणजे सात. १९९६ च्या त्या रविवारी मी हॅजर्ड बसवला तेव्हा वेगळा फ्लॅशर घेतला नव्हता. त्याच दोन बल्बांच्या डबीवर चौघांचा भार टाकला होता. म्हणून ती बत्ती घाईनं लागली. पट्टी दुप्पट तापत होती. मी त्याला जोरात चालणं म्हणालो होतो.

तिसऱ्या रविवारी मी स्टिअरिंगखाली उताणा पडलो. वय पंचावन्नच्या पुढं. खाली जाणं जमतं, वर येताना पोराला हात द्यावा लागतो. बॅटरीच्या उजेडात माझी जुनी वायर दिसली. लाल, बारीक. घरातल्या जुन्या स्पीकरची वायर होती ती. त्या वेळी मला ती पुरेशी वाटली होती. मधे फ्यूज नाही. मेन वायरला वेटोळा देऊन जोडलेली, डाग न देता. त्या वेटोळ्याजवळ तिचं प्लॅस्टिक वितळून काळं झालं होतं, वीतभर.

आणि तिथं ती कापलेली होती.

तुटलेली नाही, कापलेली. पक्कडीनं सरळ. दोन्ही टोकं वेगळी करून त्यांवर काळी कापडी टेप गुंडाळलेली, आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडून दाबलेलं, म्हणजे पुन्हा सोडवताना नखानं पकडता यावं. टेप अशी दुमडायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला होती.

भाईजानना वायर जळल्याचा वास आला असणार. कधी, ते मला माहीत नाही. अपघाताच्या आधी, एवढं नक्की. नंतर ते त्या सीटवर बसलेच नाहीत. त्यांनी वायर कापली, गाडी पेट घेण्यापासून वाचवली आणि मला सांगितलं नाही. म्हणजे तामलवाडीच्या रस्त्यावर त्यांनी बटण दाबून बत्त्या लागल्या नाहीत, असं झालंच नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की बत्त्या नाहीत. म्हणून तर आधी दगड लावले. “बत्त्या नव्हत्या रे.” मी ते अठरा वर्षं, नव्हे त्याहून जास्त, चुकीचं ऐकत होतो का? की बरोबरच ऐकत होतो, कारण कापावी लागेल अशी वायर जोडली कोणी होती?

मी आत भाभीजानना विचारलं, भाईजान कधी वायरीबद्दल काही म्हणाले होते का. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “गाडीचं मला काय विचारता? घरात कधी काही सांगायचे का ते?” तेही खरंच.

दगडांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बंद गाडीमागं दगड लावायची आपली पद्धत जुनी, पण गाडी निघाली की ते उचलायची पद्धत नाही. रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. आणि आपल्या जिल्ह्यात थंडीत उसाच्या ट्रॉल्या बघा: दोन-दोन जोडलेल्या, पुढं ट्रॅक्टरवर गाणी दणाणतात, मागं एक लाल दिवा नाही. रिफ्लेक्टरची पट्टी सुद्धा उसाच्या पाल्याखाली झाकलेली. बार्शीचे आमचे शाहीर अमर शेख, ज्यांनी उमेदीच्या काळात बसवर क्लीनर म्हणूनही काम केलं, ते १९६९ मध्ये इंदापूरजवळ मोटार अपघातातच गेले. या भागात लिहिणाऱ्या-गाणाऱ्याला रस्ता हा नुसता प्रतिमेचा विषय राहत नाही.

दुसरीकडं ज्यांच्या गाडीला चांगला हॅजर्ड आहे ते तो भलत्या ठिकाणी वापरतात. चौकात सरळ जायचंय, लावा चारी बत्त्या. पाऊस आला, लावा. वरातीत तर लावाच. ही खूण आहे ‘मी थांबलोय, अडलोय’ अशी. चालत्या गाडीवर ती लावली की वळायची खूण देता येत नाही. आणि तुमच्या बाजूनं येणाऱ्या स्कूटरवाल्याला चारांपैकी एकच दिवा दिसतो, बाकीचे बसच्या आड. तो समजतो तुम्ही वळताय. १९३९ मध्ये अमेरिकेत ब्युईक कंपनीनं गाडीला उघडझाप करणारे इंडिकेटर दिले. त्याआधी विलायती गाड्यांच्या खांबातून एक छोटा हात बाहेर यायचा, आणि त्याच्याही आधी माणसाचा हात. एवढा प्रवास करून आलेली खूण आहे, तिचा अर्थ तरी एकच ठेवावा.

तर, आम्ही हॅजर्ड पुन्हा बसवला. या वेळी बॅटरीकडून वेगळी जाड वायर, सुरुवातीलाच तिचा फ्यूज, चार बल्बांचा स्वतंत्र फ्लॅशर, किल्ली काढली तरी चालेल असा. कारण बंद गाडीतच तर तो लागतो. प्रत्येक जोड थिंबल लावून दाबलेला, वेटोळा एकही नाही. बाहेर नेलेल्या वायरीवर स्लीव्ह. जुनी बारीक लाल वायर मी काढली. भाईजानची टेप मात्र नखानं सोडवली. अजून सुटत होती.

मगरिबच्या अजानीनंतर अंगण अंधारलं. पुतण्यानं बटण दाबलं. चारी बत्त्या लागल्या, सावकाश, एका लयीत. लिंबाचा बुंधा केशरी व्हायचा, परत काळा व्हायचा. पोरगं मोबाइलवर शूटिंग करत होतं. आम्ही दोघं किती वेळ उभे होतो कोण जाणे. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाभीजानचा आवाज आला, “बंद करा आता, बॅटरी उतरेल.”

डाव्या पुढच्या दिव्याची काच तडकलेली आहे. ती मुंबईहून मागवली आहे. आली की आरटीओत नंबर लावायचा.